मारिसोलचा 'नो-शो'

"फाइल में 'नो-शो' लिखा है मॅडम. लडकी आईच नहीं. अपनी जिम्मेदारी खलास!" आमचे हैदराबादी डीन म्हणाले.

नो-शो म्हणजे वेळ घेऊन न आलेला विद्यार्थी. दोन हजार सालाच्या सुमाराला शारजाच्या एका कॉलेजात मी कौन्सेलर होते. तासाभरापूर्वी मारिसोल परीक्षेच्या हॉलमध्ये कोसळली होती. छातीत धडधड, हातपाय गार. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक. म्हणजे मनात दाबलेली भीती शरीरानं बोलून दाखवणं.

मी सिक रूममध्ये गेले. मारिसोल पेरू देशाची, गव्हाळ, बुटकी. वडील शारजाच्याच हमरिया बंदरात इंजिनियर. पण तिनं सांगितलं, गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "कुठल्या मॅडमकडे कामाला आहेस?" वर्गातली मुलं 'शगाला' म्हणायची. अरबीत मोलकरीण. आधी तिची झोप उडाली, मग जेवण सुटलं. आता शिक्षण सोडून परत जायचं म्हणत होती.

मी भयंकर चिडले. तिच्यावरच!

"अगं, गेल्या आठवड्यात माझी अपॉइंटमेंट घेतली होतीस ना? मग आली का नाहीस?"

ती उठून बसली.

"आले होते, मॅम. तुम्ही फोनवर होतात. मला म्हणालात, क्लीनिंग नंतर कर, आधी हा कप घेऊन जा."

"मग?"

"कप धुऊन ठेवला आणि गेले."

दर वर्षी नव्या मुलांना भेदभावावर लेक्चर देणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि मला ती आठवतसुद्धा नव्हती. कप नेणारीचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

मी तिची माफी मागितली. ती "ओके, मॅम" म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

डीनसमोरच मी फाइलमधलं माझ्याच हातचं 'नो-शो' खोडलं. लिहिलं, 'विद्यार्थिनी वेळेवर आली होती. कौन्सेलरने तिला मोलकरीण समजून परत पाठवले.' खाली सही केली.

"अरे मॅडम, अपना मेमो आपीच लिख रहे!"

मेमो मिळालाच. वॉचमनला आणि वर्गालाही समज दिली गेली. मारिसोलनं दुबईतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार घेतले, पेपर पुन्हा दिला, पुढं डिग्रीही घेतली. माझ्या केबिनची पायरी मात्र पुन्हा चढली नाही. शहाणी मुलगी.

हल्ली कुणी आलं नाही, तर फाइलमध्ये काही लिहिण्याआधी मी त्याला फोन करते. बहुतेक जण खरंच आलेले नसतात. तरी विचारते.