गारपिटीपुढं ढाल चालत नाही

दोस्तहो, आज दुपारी पातूरले सलीमभाईच्या शिलाईच्या दुकानात आमचा जादूच्या लढाईचा कार्डांचा डाव सुरू होता.

सलीमभाईच्या ड्रॅगनजवळ ढाल होती. म्हणजे त्याच्यावर कोणी नेम धरू शकत नाही. मी 'गारपीट' टाकली. त्या कार्डानं टेबलावरचे सगळेच प्राणी मरतात.

"काहून बे, ढाल दिसत नाही काय?" सलीमभाई तापले.

मी हटलो नाही. "ढाल नेम अडवते. गारपीट कोणावर नेम धरतच नाही. औंदा माझ्या हरभऱ्यावर पडली, तं धुऱ्यापलीकडचं तुमचं वावर सोडलं काय?"

त्यायनं ड्रॅगन उचलला. "अन् टेबलावरचे तुहे दोन वाघ?"

तेबी मेले. मी दोन्ही उचलले.

टेबल साफ झालं. मंग दोघायनंबी एकेक नवं कार्ड ओढलं, जसे गारपिटीनंतर दोघंबी वावरात उतरलो होतो. तुमी असते तं डाव मोडला असता काय?