झहूरला खुर्ची नको होती असं नाही

लल्ला तामूनंतर कोण, असा प्रश्न दार अल-मर्फामध्ये कुणी विचारतच नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, प्रमुखपद सोडणार होती आणि तिच्या जागी झहूर बसणार होती. स्वयंपाकघरातली मबारका तर झहूर आत आली की मुद्दाम स्टूल पुसायची आणि म्हणायची, "बसा मोठ्या बाई, आतापासून सवय करा. पुढे आम्हाला ओळख द्याल ना?"

"तुला नाही देणार," झहूर म्हणायची. "तुझी डाळ करपते."

दार अल-मर्फा म्हणजे सफी शहराच्या बंदरामागचं मुलांचं घर. सरकारी कागदांवर त्याला अनाथालय म्हणतात. तिथल्या बहुतेक मुलांच्या आया जिवंत आहेत. कुणी सार्डिनच्या कारखान्यात डबे भरते, कुणी अगादीरला निघून गेली आहे, आणि कुणी तीन गल्ल्यांपलीकडे राहते आणि रस्त्यात आपलं मूल दिसलं तर मान वळवते. घर मुलांना वाढवतं, त्यांना सांभाळायला नेणारी कुटुंबं शोधतं, आणि एखादी पोरगी पोटुशी असताना दाराशी आली तर तिचं मूल तिच्याकडेच राहील का, हे आधी बघतं. या शेवटच्या कामाचा गाजावाजा होत नाही, कारण त्यात दाखवायला मूल उरत नाही.

झहूर याच घरात वाढली. बंदराजवळच्या मशिदीच्या पायरीवर कुणीतरी तिला ठेवून गेलं होतं. अशा मुलांना सरकारी दप्तर एक आडनाव देतं आणि बापाच्या रकान्यात एक नावही घालून देतं, म्हणजे शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना अडखळू नये. अठराव्या वर्षी ती घराबाहेर पडली, कारखान्यात मासे साफ केले, आणि हातांना येणारा तो वास सहन होईना म्हणून रात्रपाळीत मुलं सांभाळणारी दाई होऊन परत आली. पुढे मीलूदशी लग्न झालं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ती कुठून आली हे त्याला पहिल्या भेटीत तिनंच सांगितलं होतं. त्याच्या आईला दोघांनीही सांगितलं नव्हतं. "ज्याचं त्यानं झाकून ठेवावं" एवढंच मीलूद म्हणाला होता. आमच्याकडे हे खोटेपणात धरत नाहीत. दुसऱ्याचं उघडं करणाऱ्याला मात्र लोक दारात उभं करत नाहीत.

घराचा पहिला नियमही तोच होता. कुणाचं मूल, असं पाहुण्यानं विचारलं की उत्तर एकच: "घराचं." बाकी काही नाही. नवी दाई कामाला लागली की लल्ला तामू तिला हेच आधी शिकवायची आणि मगच लंगोट बांधायला.

माणसं तयार करायची तिची एक पद्धत होती. मूल न्यायला कुटुंब येतं ते मागणी घालायला आल्यासारखं येतं. साखरेची उभी ढेप, दूध, खजूर घेऊन. ज्या दाईला पुढे न्यायचं असेल तिला तामू त्या बैठकीत चहा ओतायला बसवायची आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद द्यायची. पाहुणे गेले की विचारायची, "बाई काय बोलली नाही?" एकदा झहूरनं सांगितलं, "नवऱ्याला मूल हवंय, तिला नकोय. बाळाच्या पायाकडे बघितलं, तोंडाकडे नाही." तामूनं ते कुटुंब थांबवलं. आठ महिन्यांनी त्यांचा घटस्फोट झाला. पुढे झहूर इतरांना अशीच बसवू लागली. आज तान्ह्या बाळांचा विभाग, शाळकरी मुलींचा विभाग आणि आयांना मदत करणारा विभाग ज्या तिघी चालवतात, त्या तिच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्यांतल्या एकीला लिहिता येत नव्हतं. तेही तिनंच शिकवलं.

मग राबातच्या मुख्य संस्थेनं ठरवलं की नेते आतून घडवायचे. कार्यक्रमाला 'आतून नेतृत्व' असं नाव दिलं. परदेशी देणगीदार मिळाला. नौफल नावाचा कार्यक्रमप्रमुख सफीला आला. तरुण, हसरा, प्रत्येकाला नावानं हाक मारणारा. त्यानं झहूरला निवडलं. देणगीदाराच्या पैशातून घराच्या प्रमुखाचा पगार निघणार होता, म्हणजे स्थानिक समितीलाही हरकत घ्यायला जागा नव्हती. समितीचे अध्यक्ष हजला जाऊन आलेले हाज बुशता. त्यांचे दोन डबाबंदीचे कारखाने आहेत. त्यांनी झहूरच्या डोक्यावर हात ठेवून "आमची मुलगी" असं म्हटलं.

नौफलनं चित्रफीत काढली. झहूर कॅमेऱ्यासमोर चहाच्या बैठकीबद्दल बोलली, दायांना कसं शिकवते ते बोलली, आणि जेवणाची घंटा झाल्यावर उठून गेली. जन्माबद्दल तिला कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

इंटरनेटवर फीत आली ती अशी सुरू होत होती: रिकामी पायरी, तान्ह्या बाळाचं रडणं, आणि वर मोठ्या अक्षरात, 'मशिदीच्या पायरीवर टाकलेली मुलगी आज नेता'. पायरीचा तपशील त्यांनी कार्यालयातल्या तिच्या जुन्या कागदांतून घेतला होता. तिला न विचारता. मागे अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या दोन मुलींचे चेहरे स्वच्छ दिसत होते. त्यांतली एक तेरा वर्षांची इहसान.

मीलूदच्या आईला ती फीत मासळीबाजारात एका विक्रेतीनं दाखवली. म्हातारी घरी आली, टोपली ठेवली आणि म्हणाली, "लग्नात तुझे मामा म्हणून जे जेवले ते कोण होते?"

"लल्ला तामूचे भाऊ," झहूर म्हणाली.

"चांगलं जेवले," म्हातारी म्हणाली, आणि त्यानंतर तिच्याशी बोलणं बंद केलं.

इहसाननं शाळेत जायचं सोडलं. वर्गातली मुलं तिला बघून बाळासारखी रडून दाखवत होती.

त्याच आठवड्यात एक जोडपं मूल बघायला आलं. लल्ला तामूचा दवाखान्याचा दिवस होता, म्हणून बैठकीला झहूर बसली. बाई भली दिसत होती. तिनं साखरेची ढेप झहूरच्या हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुणी मोठं नाहीये का?"

"मीच आहे."

"तसं नाही, लल्ला. मी तुम्हाला ओळखलं. व्हिडिओ बघितला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पण आम्ही परत येऊ. लल्ला तामू असतील तेव्हा."

ही गोष्ट हाज बुशतांपर्यंत पोचायला एक दिवसही लागला नाही. समितीची बैठक बोलावली. नौफल राबातहून आला. झहूरला बोलावलं होतं. मबारका चहा घेऊन गेली आणि किटली हातात धरून भिंतीशी उभी राहिली. तिला जा असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

"मला व्यक्तिशः काही नाही, मुली," हाज म्हणाले. "तू आमची आहेस. पण लोक? मूल न्यायला येणारा माणूस घराण्याचं विचारतो. प्रमुख बाईंचंच असं म्हटल्यावर..."

"कसं म्हटल्यावर, हाज?"

"तुला कळतंय."

"मला कळतंय. तुम्ही म्हणून दाखवा."

हाजनी खजुराची बी बशीच्या कडेला ठेवली.

ज्या घराची सगळी मुलं अशीच आहेत, ज्या घरानं पन्नास वर्षं गावाला सांगितलं की या मुलांत कमी काही नाही, त्या घराच्या समितीनं त्यांच्यातली एक मोठी झाल्यावर गावाचं म्हणणं मान्य केलं. टेबलाभोवती बसलेल्या एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटलं ते झहूरनं आवाज चढवल्याचं.

"गाव आधी काही बोलत नव्हतं," ती म्हणाली. "गावाला माहीतच नव्हतं. सांगितलं कुणी? मी सांगितलं?"

नौफल पुढे सरकला. "झहूर, हे बघ, आमचा हेतू अभिमानाचा होता. तुझी गोष्ट माणसाला बळ देते."

"कुणाला?"

"सगळ्यांना. देणगीदारांना. इथल्या मुलींना."

"इथली मुलगी शाळेत जात नाहीये, नौफलसाहेब."

"म्हणूनच तर मी उपाय आणलाय." त्यानं खरोखरच उपाय आणला होता. राबातला समारंभ होता, देणगीदार येणार होते, मंत्री येणार होते, टीव्ही येणार होता. झहूरनं मंचावर जावं, आपली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगावी, मानपत्र घ्यावं. "एकदा तू ताठ मानेनं सांगितलंस की कुणाची बोलायची प्राज्ञा नाही. हाजसाहेबही तयार आहेत. तू परत येशील ती प्रमुख म्हणूनच."

हाजनी मान हलवली. "मंचावर मंत्री असले म्हणजे लोक गप्प बसतात."

"म्हणजे बाप नाही म्हणून खुर्ची नाही," मबारका भिंतीपासून म्हणाली, "आणि बाप नाही असं माईकवर ओरडलं की खुर्ची मिळते. हाज, एकदा नीट ठरवा ना."

"मबारका, चहा ओत."

"ओतते की. तुम्हाला साखर जास्त लागते."

झहूरनं विचारलं, "आणि फीत?"

"फीत राहील," नौफल म्हणाला. "फीत म्हणजेच कार्यक्रम आहे. ती काढली तर देणगीदार विचारेल की का काढली. कार्यक्रम दुसऱ्या शहरात जाईल. मग पगार नाही, मग पदाचं समितीनं बघायचं."

समितीनं बघायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हाजची भाची उमैमा कासाब्लांकाहून व्यवस्थापन शिकून आली होती आणि घरी बसली होती.

झहूरला ती खुर्ची हवी होती. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर लोकांनी तिला साध्वी करून टाकलं. ती त्या खोलीत बसून काय काय करणार, हे तिनं मबारकाला कितीदा सांगितलं होतं: पोटुशी पोरगी आली तर तिला अंगणात ताटकळत ठेवणार नाही, रात्रपाळीच्या दाईला दिवसा झोपायला खोली देणार, अठरा वर्षांच्या मुलांना वाढदिवसाच्या दिवशीच पेटी हातात देऊन बाहेर काढणार नाही. या सगळ्यासाठी सही लागते, आणि सही खुर्चीत बसून करतात.

"हाज," ती म्हणाली, "तुमची आई तुमच्या वडिलांच्या घरी कशी आली ते मला लल्ला तामूनं सांगितलंय. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक आहे. आजवर कुणी बोललं?"

हाजचा चेहरा उतरला. "त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. मी बोलणारही नाही. घाबरू नका. मी एवढंच सांगतेय की तुमचं झाकलं म्हणून तुम्ही अध्यक्ष आहात." मग नौफलकडे वळली. "फीत काढा. आता. माझ्यासमोर. आणि या घरातल्या कुठल्याही मुलाचा चेहरा, नाव, कुठे सापडलं, कसं सापडलं, यातलं काही पुन्हा बाहेर जाणार नाही, हे समितीनं बोलून दाखवायचं. मबारका ऐकतेय. तिला दाबता येत नाही."

"खुर्ची नको मग?" हाजनी विचारलं. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि ती त्यांना लपवता आली नाही.

"खुर्ची हवी आहे. या भावानं नको."

हाजनी ते मबारकासमोर बोलून दाखवलं. नौफलनं फोन लावला. अर्ध्या तासात फीत निघाली. बाजारातल्या फोनांमधून ती निघायची नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण संस्थेच्या नावाखाली ती दिसणार नव्हती, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेला जाऊन ठणकावता येणार होतं की घरानं हे पसरवलेलं नाही. झहूर दुसऱ्या दिवशी गेली आणि ठणकावून आली.

उमैमा महिन्याभरात रुजू झाली. मुलगी वाईट नाही. सगळ्यांना नमस्कार करते, वेळेवर येते, रडणारं मूल कुणी हातात दिलं तर लांब धरते पण धरते. राबातचा कार्यक्रम मेक्नेसला गेला. इथल्या वार्षिक अहवालात मात्र अजून छापलं आहे की दार अल-मर्फा आपले नेते आतून घडवतं. हाज बुशतांनी झहूरला बोलावून सांगितलं की उमैमाला तयार कर, तुझ्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नाही.

"खरं आहे," झहूर म्हणाली. "पण मी दायांना शिकवते. भाच्यांना नाही."

तिला काढून टाकण्याची भाषा झाली. शाळकरी मुलींचा विभाग चालवणारी उठून म्हणाली की मग मीही जाते; दुसरीनं एप्रन सोडून टेबलावर ठेवला. हाजनी विषय बदलला. झहूर आहे तिथेच आहे, त्याच पगारावर, उपप्रमुख नावाच्या अशा पदावर जे कुठेच लिहिलेलं नाही. सासू अजून तिच्याशी थेट बोलत नाही. मीलूदला सांगते, "तुझ्या बायकोला म्हण, मीठ कमी आहे."

परवा दुपारी स्वयंपाकघरात बायका बिसारा नावाच्या घट्ट कढणासाठी सुक्या बाकल्याचे दाणे निवडत बसल्या होत्या. मबारकानं टोपलं झहूरपुढे सरकवलं.

"एवढं सगळं करून तू काय मिळवलंस, ते मला सांग. साधं सांग, माझ्या डोक्यात शिरेल असं."

"इहसान आज शाळेत गेली."

"गेली ते ठीक. रडत गेली की हसत?"

"शिव्या देत गेली."

"मग चांगली गेली." मबारकानं एक किडका दाणा काढून लांब फेकला. "पण त्या हाजला रात्री झोप कशी लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगा."

"लागते," झहूर म्हणाली. "त्यांची बायको सांगत होती. घोरतात."