पाठीवरचा डबा
काथ्याच्या दोरीचा वास आला की मला मालदीव आठवतं. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून आम्ही नवराबायकोनं घाईघाईत जायचं ठरवलं होतं आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. नांदगावला वडिलांना फोनवर सांगितलं, समुद्रात खाली मासे बघायला नेतात, पाठीला टाकी बांधतात. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं दारात हजर. काखेत तेलाचा रिकामा डबा, झाकणाच्या फटीत मेण भरलेलं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला असाच डबा बांधतात, म्हणजे ते बुडत नाही. ती टाकीही त्यांना तसलीच वाटली होती. "तिथली टाकी कशी असंल, काय नेम? ह्यो डबा लय भरोशाचा हाय," म्हणत त्यांनी मला हॉलमध्येच उभं करून तो काथ्याच्या दोरीनं पाठीला बांधला. नवरा टाकीतल्या हवेचं समजावायला निघाला, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. गाठ आवळताना वडील हळूच म्हणाले, "तुझ्या भावाला शिकवलं गं. तू पोरगी, म्हणून तुला विहिरीवर नेलंच नाय." आणि मग, "काचत नाय ना?" डबा अर्थातच घरी राहिला. वडील आता नाहीत. परवा माळा आवरताना तो खाली काढला, तर मेण अजून घट्ट होतं. आत त्यांनी कोंडलेली हवा तशीच असणार. झाकण काही मी उघडलं नाही.