पायरी नसलेली गाडी

चि. ईशान आणि चि. रेवा,

परवा ईशानने एका जुन्या गाडीचा फोटो पाठवला. ती विकत घ्यायची, उंच करायची, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची पट्टी, आणि हे सगळं कमी पैशांत. खाली विचारलं होतं, 'आजी, कशी दिसेल?' मी 'छान' एवढंच लिहिलं आणि फोन बाजूला ठेवला. तुम्ही दोघं नेहमी एखादी केस सांग म्हणता आणि मी चोरीच्या, हसण्यासारख्या सांगते. ही कधी सांगितली नाही. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, ही मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. बोलताना मला ती नीट क्रमाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. नाव कुणाचंही घालत नाही.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका ठाण्याची ठाणेदार होते. सोयाबीन घरी आलं होतं, कापसाची वेचणी सुरू होती. एका सकाळी दूधवाल्याचा फोन आला. बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गवताच्या भाऱ्याशेजारी एक बाई पडली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती. जवळच्याच गावातली, ठेंगणी, पन्नाशीची. आदल्या संध्याकाळी शेतातून निघाली आणि घरी आलीच नाही. नवरा रात्रभर तिला नेहमीच्या पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, शोधत होता. त्या दिवशी पांदणीत चिखल होता म्हणून ती डांबरी रस्त्याने आली होती.

घटनास्थळाचा पंचनामा केला. ब्रेकची खूण होती, पण ती धडकेच्या जागेच्या बरीच पुढे. म्हणजे धडक बसेपर्यंत चालवणाऱ्याला काही दिसलंच नव्हतं. थोडी काच सापडली आणि पाइपचा एक तुटका कोपरा. हवालदार म्हणाले, "मॅडम, हे वावरातलं आहे. इथं तर पाइपच पाइप पडले असतात." पण तो पाइप बाहेरून काळा रंगवलेला होता आणि आतून राखाडी. वावरातल्या पाइपला रंग कोण देईल? मी तो पाकिटात घालून पंचांच्या सह्यांनी सीलबंद केला.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की मृत्यू लगेच झालेला नाही. रक्त जात राहिलं. वेळेवर दवाखान्यात पोहोचली असती तर कदाचित वाचली असती. हे वाक्य मी अहवालात वाचलं आणि त्या दिवसापासून मला गाडीपेक्षा चालवणाऱ्याचा शोध जास्त महत्त्वाचा वाटू लागला. तो थांबला होता का, एवढंच मला कळायला हवं होतं.

गॅरेजं झाली, वेल्डिंगची दुकानं झाली, टोलवरचे कॅमेरे झाले. हाती काही आलं नाही. मग एका दुपारी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. पोलीस पाटील म्हणजे गावात राहून ठाण्याला खबर देणारा माणूस. पण त्यालाही त्याच गावात राहायचं असतं, लग्नकार्याला त्याच मांडवात बसायचं असतं. त्यामुळे तो उशिरा बोलतो आणि हळू बोलतो.

"मॅडम, माह्यं नाव कुठी येऊ देऊ नका."

"नाही येणार. बोला."

"आमच्या इथं एकाच्या धुऱ्यावर नवं फाटक लागलं. रानडुकरासाठी."

"मग?"

"फाटकाले दिवे लावाच्या पट्ट्या कायले असतात, मॅडम?"

मी जीप काढायला सांगितली.

आपल्याकडचा शेतकरी लोखंड फेकत नाही. दुसऱ्या कुणी गाडीच्या पुढचं लोखंडी गार्ड नदीच्या डोहात टाकलं असतं. या घरच्या बाप-लेकाने ते गाडीवरून उतरवलं, ठोकून सरळ केलं, दोन आडवे गज जोडले आणि धुऱ्यावर, म्हणजे कापसाच्या वावराच्या बांधावर, फाटक म्हणून लावलं. दिव्यांच्या पट्ट्या कापायच्या राहिल्या. गाडी गोठ्यामागे ताडपत्रीखाली होती. बरीच वर्षं लग्नाच्या सवाऱ्या वाहिलेली जुनी गाडी. घरातल्या एकुलत्या एका मुलाने ती मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून जंगलातल्या गाडीसारखी केली होती. स्प्रिंगांखाली लोखंडी ठोकळे घालून उचललेली. दुसऱ्याने वापरून काढलेले मोठे टायर. ब्रेक मात्र जुनेच. गार्ड बोअरच्या पाइपचं. काळा रंग गावातच कॉम्प्रेसरने उडवलेला. पाण्यातून जाणाऱ्या गाडीला हवा घ्यायला छतापर्यंत नळी असते, तशी दिसावी म्हणून एक पीव्हीसी पाइप बाजूने वर नेला होता. आत तो कशालाच जोडलेला नव्हता. त्याचा कोपरा तुटलेला होता. पाकिटातला तुकडा तिथे बरोबर बसला.

बाप-लेकाला ठाण्यात आणलं. मुलगा पंचविशीचा, खाली मान घालून बसलेला. बाप एक हात मांडीवर दाबत, गुडघा सांभाळत आत आला आणि बसायच्या आधीच बोलला.

"म्याच चालवून राह्यलो होतो, मॅडम. पोरगं घरी होतं."

"काय झालं?"

"रोही आडवा आला."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे रस्त्यावर गाडीला काहीही लागलं की नाव रोह्याचंच येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

हवालदार म्हणाले, "रोह्यानं लुगडं नेसलं होतं काय, काका? डोक्यावर भारा होता काय त्याच्या?"

बापाने हवालदारांकडे पाहिलंही नाही. मग पुन्हा तेच. मीच होतो, मला दिसलं नाही, मला जी शिक्षा व्हायची ती होऊ द्या. आडून विचारलं, उलटं विचारलं, वेळ बदलून विचारलं. इंचभर हलला नाही. पाठ केलेली गोष्ट माणूस दर वेळी त्याच शब्दांत सांगतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. पण तेवढ्यावर कुणाला खोटं ठरवता येत नाही.

मी दोघांना आवारात नेलं. जप्त केलेली गाडी कडुलिंबाखाली उभी होती.

"काका, बसून दाखवा स्टेअरिंगवर."

तो गाडीपाशी गेला. दार उघडलं. आणि तसाच उभा राहिला. पूर्वी दाराखाली पाय ठेवायला पायरी होती. त्यामुळे गाडी सवारीची दिसते म्हणून मुलाने ती कापून टाकली होती. आता सीट बापाच्या छातीपाशी आली होती. त्याने वरची कडी धरली, चांगला पाय उचलला, दुखऱ्या गुडघ्यावर भार आला तसा तो कण्हला. पुन्हा प्रयत्न केला. घामाघूम झाला. कुणी हसलं नाही, हवालदारसुद्धा नाही.

"बाबा, राहू द्या," मुलगा म्हणाला. "मी होतो, मॅडम."

त्याने सगळं सांगितलं. दिवस मावळायला आला होता. बाई वाकून भारा सावरत होती. उंच बॉनेट, पुढचं गार्ड आणि त्यावरचे दिवे यांच्या पलीकडची बुटकी, वाकलेली बाई त्याला दिसलीच नाही. आवाज झाला, ब्रेक दाबला, गाडी घसरत पुढे गेली. खरंच रोही वाटला, म्हणून उतरून मागे गेला.

"जिवंत होती?"

"हो. पाणी मांगत होती."

"मग?"

"बाबांले फोन केला."

मी बापाकडे पाहिलं. तो अजून दाराची कडी धरून उभा होता.

"मीच सांगतलं, मॅडम. म्हटलं, कोणी पाह्यलं काय? नाही ना, मंग पयले घरी ये." त्याने कडी सोडली. "गाडीत चढता नाही येत मले, हे खरं आहे. पण गुन्हा माहाच आहे."

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पुढचं काम कागदाचं होतं. फोनची नोंद मिळवली, फाटकाचे आणि रंगाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, दोषारोपपत्र दाखल केलं. मुलाला शिक्षा झाली. बापावर पुरावा नष्ट केल्याचा खटला होता, पण निकालाआधीच तो वारला.

त्या बाईच्या नवऱ्याला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं. ते काम कुणावर सोपवावंसं वाटलं नाही. तो अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मॅडम, तवा तिच्यात जीव होता काय?"

माझ्यासोबत आलेल्या शिपाई मुलीने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण कोर्टात ते सगळं वाचलं जाणार होतं आणि त्याने ते परक्याच्या तोंडून ऐकायला नको होतं.

"होता," मी म्हणाले.

त्याने काड्यांची गाठ आवळली. "मंग पानी मांगतलं असन तिनं. दिवसभर वावरात होती."

मी हो म्हणाले. त्याने मान हलवली आणि पुढची पेंढी हाती घेतली. आम्ही निघालो.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी सांगते की खोट्या कबुलीतही ऐकण्यासारखं काही असतं. तो बाप चालवण्याबद्दल खोटं बोलत होता, दोषाबद्दल नाही. दिसायला दांडगी गाडी करताना ठोकळे, पाइप, दिवे सगळं आणलं गेलं आणि ब्रेक राहिले, ही चूक अजाण मुलाची होती. ती कुणाकडूनही होते. पण रस्त्यावर तहानलेलं माणूस समोर असताना मुलगा बापाला विचारतो आणि बाप घरी ये म्हणतो, ही चूक प्रेमातून झाली. माझ्या पोलिसी अनुभवात माणसांनी सर्वांत वाईट गोष्टी रागाने केलेल्या नाहीत. घरच्यांना वाचवायला केलेल्या आहेत. मला हे लिहितानाही बरं वाटत नाही.

मुलगा शिक्षा भोगून परत आला. शेत विकलं नाही, गाव सोडलं नाही. बाईचा नवराही आहे, थकलेला. गावं दोन असली तरी दोघांची वावरं एकाच पांदणीवर लागून आहेत. मुलगा समोरून आला की म्हातारा बाजूला होतो, म्हातारा आला की मुलगा थांबतो. बोलणं नाही. दोघंही अजून तिथेच राहतात.

तुमची,
आजी