अर्धा टाकलेला चहा

नाटकांबद्दल लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून नाट्यगृहात गेलेला मी पहिलाच. पण यंदा गावातल्या कुठल्या नाट्यगृहात सर्वांत चांगली नाटकं झाली, ते सरांनी कॉलेजच्या अंकासाठी लिहायला सांगितलं.

नव्या, वातानुकूलित नाट्यगृहात नामवंत नट आले, गर्दीही झाली. तरी माझं मत नगरपालिकेच्या जुन्या नाट्यगृहाला आहे. तिथे एका मध्यंतरात पहिली घंटा होताच लोक चहा अर्धा टाकून आत पळाले. कट्ट्यावर कपांची रांग राहिली, त्यांतून अजून वाफ येत होती.

"एवढा चहा वाया गेला," मी म्हणालो.

"जाऊ दे की," चहावाल्या सुशीलामावशी म्हणाल्या. "कप रिकामे परत आले की समजायचं, नाटक पडलं. यंदा रोज बादलीभर ओततेय मी. तू पण जा आत, माझं तोंड बघायला तिकीट काढलंस का?"

माणूस हातातलं गरम काही सोडून पुन्हा अंधारात जाऊन बसतो, याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

पण हेच नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होणार, अशी महिनाभर चर्चा होती. बंद झालेलं पुन्हा कधी उघडेल याचा भरवसा नसतो, आणि मावशींना दुसरा धंदा नाही. काल त्यांचा फोन आला. दुरुस्ती पावसाळ्यावर ढकलली आहे. तोवरच्या सगळ्या तारखा नाटकवाल्यांना वाटून झाल्या, एकही रविवार शिल्लक नाही.