जपानी मामांचा डावखुरा भाचा

कुंभिवलीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून एक कागदाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. साठच्या दशकातली. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मी मॅट्रिक होऊन त्या कारखान्यात स्टोअरला कारकून लागलो होतो आणि नट-बोल्टच्या पेट्या लावता लावता एक दिवस मला दुभाष्या करण्यात आलं. पगार तोच, डोकेदुखी नवी. यंत्रं जपानहून आली होती आणि ती बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. पन्नाशीचा, ठेंगणा, चष्मा सारखा पुसणारा माणूस. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. दोघांचं बरं जमेल असं आमच्या साहेबाला का वाटलं, ते त्यालाच माहीत.

एका सकाळी मुंबईच्या ऑफिसातून त्याला निरोप आला. त्याच्या विधवा बहिणीचा मुलगा तिकडे त्यांचा तो बेसबॉल नावाचा खेळ खेळत असे, चेंडू टाकणारा म्हणून. त्याला अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतल्या एका संघानं बोलावलं होतं आणि बहीण रविवारी टेलिफोन करणार होती. निरोप एवढाच. इंजिनियर दिवसभर यंत्राजवळ गेला नाही. संध्याकाळी त्यानं मला सांगितलं की बहिणीला नवरा नाही, म्हणजे घरात मोठा तोच. मुलानं जावं की जाऊ नये, ते रविवारी त्यानं सांगायचं आहे. आणि त्याला काही सुचत नव्हतं. गेला आणि तिकडे जमलं नाही, तर जपानातला संघ परत घेणार नव्हता. जपानातच राहिला, तर जन्मभर मामाच्या नावानं बोटं मोडणार.

मी ही गोष्ट कारखान्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात सांगितली, तिथेच सगळा घोळ झाला. बहिणीचा मुलगा म्हटल्याबरोबर हॉटेलवाल्यानं इंजिनियरला मामा करून टाकलं. आमच्याकडे भाच्याची काळजी करणारा माणूस जपानचा असो की जांभिवलीचा, तो सगळ्यांचाच मामा होतो. दुसऱ्या दिवसापासून फिटर, हमाल, सडकेवर थांबणारे ट्रकवाले, सगळे त्याला "या मामा, बसा मामा" म्हणू लागले. तो वाकून नमस्कार करायचा. मामा म्हणजे काय ते त्यानं मला विचारलं. मी सांगितल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

मग सल्लामसलत सुरू झाली. पण सल्ला द्यायचा तर खेळ तरी कळायला हवा. मामांनी हॉटेलच्या दारातल्या धुळीत काडीनं एक तिरका चौकोन काढला. मधोमध उंचवट्यावर चेंडू टाकणारा उभा. त्यानं धावत यायचं नाही, उभ्या जागेवरून जीव खाऊन फेकायचं. चेंडूचा टप्पा पडता कामा नये. समोरचा मुसळासारख्या दांडक्यानं तो मारणार आणि चौकोनाच्या कडेकडेनं पळणार, आणि पळत पळत शेवटी जिथून निघाला तिथेच येणार. एवढं मी मराठीत सांगेपर्यंत मला घाम फुटला. मलाच कळलं नव्हतं तर लोकांना काय कळणार?

आमचा एक फिटर रबरी चेंडूच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहायचा. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"चेंडू सोडताना पोराचा हात कोपरात वाकतो का?"

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, वाकतो तर, वाकायलाच पाहिजे.

"मंग संपलं!" फिटर म्हणाला. "नो-बॉल हाय त्यो. अमेरिकेतला अंपायर पयल्याच ओव्हरला भायेर काढंल. आदी कोपर सुदरा म्हनावं."

मी इंग्रजीत सांगितलं, हा म्हणतोय कोपराचं बघा. मामांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "यांनाही तीच भीती वाटते. तिकडे फार फेकायला लावतात. कोपर गेलं की माणूस गेला." त्या दिवसापासून ते फिटरला फार मानू लागले. मी खुलासा करायला गेलो नाही. केला असता तरी कुठल्या भाषेत करणार होतो?

एकजण म्हणाला, तिकडे भात मिळत नसेल, पोरगा वाळून जाईल. एकजण म्हणाला, लग्न करून पाठवा म्हणजे परत येईल. हॉटेलवाल्यानं विचारलं, पोराचा हात कुठला? डावा, मामांनी सांगितलं. अमेरिकेत डावखुऱ्याला फार मागणी आहे, म्हणूनच बोलावलं. हे ऐकून हॉटेलवाला गंभीर झाला. डाव्या हाताला मागणी असलेला देश त्यानं ऐकला नव्हता.

"आपुन कशाला डोकं फोडायचं?" तो मला म्हणाला. "देवाला कौल लावू. आमच्या गावदेवाचा कौल खोटा पडत नाय. तू ये रं संगती. मामांचं म्हननं सांगायला कोन हाय दुसरं?"

इथे मला माझं सांगायला हवं. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. माझ्या वडिलांनी घरातले देवांचे टाक, नारळ सगळं वाहत्या पाण्यात सोडलं होतं आणि पुन्हा कुठल्या देवापुढे हात जोडणार नाही अशी शपथ घेतली होती. मीही घेतली होती, लहान असताना, सगळ्यांबरोबर. आणि हॉटेलवाला ज्या देवळात मला मानानं बोलावत होता, त्याच्या पायरीला माझ्या आज्याची सावली पडली असती तरी त्याला झोडपलं असतं. आज्याला यायचं होतं तेव्हा दार बंद होतं. आता मला जायचं नव्हतं, तर "ये रं, ये रं" चाललं होतं. मला भयंकर राग आला. पण मामा माझ्याकडे असे बघत होते की मी गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

देऊळ ओढ्याकाठी झाडीत होतं. आत घडवलेली मूर्ती नव्हती, शेंदूर लावलेला उभा पाषाण होता. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आत या असं गुरवानं म्हटलं, मी नको म्हटलं, आणि या नकाराचं मला फार बरं वाटलं. गुरवानं फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गुरवानं पोराचं गाव विचारलं, घराण्याचा देव विचारला. मामा म्हणाले, आमच्या गावी डोंगरात एक देव आहे. मी बाहेरूनच ओरडून सांगितलं.

"डोंगरातला म्हंजी आपल्यातलाच," गुरव समाधानानं म्हणाला आणि त्यानं देवाला विचारलं, पोरानं अमेरिकेला जावं का?

आम्ही वाट बघत राहिलो. माशा घोंगावत होत्या. मग डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"नाय म्हनतोय," गुरव म्हणाला.

"नाय कसा?" हॉटेलवाला उसळला. "पोरगा डावखुरा हाय! त्याची कामाची बाजू डावीच. देवानं बराबर वळकलं. जा म्हनतोय!"

"देव मान्साच्या हातावर जात नाय. डावी ती डावी."

"मंग डावखुऱ्यांनी काय कदी कुटं जायाचंच नाय?"

 गुरवाच्या आयुष्यात कुणी असा प्रश्न आणला नसावा. तो म्हणाला, पुन्हा लावू. हॉटेलवाला म्हणाला, देवाला दोनदा विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. मामा मला विचारत होते, काय झालं? देव काय म्हणाला? मी जे खरं होतं ते सांगितलं. "त्यांचं भांडण चाललंय." मामांनी मान डोलावली. देव कुणाशी भांडतोय, असं त्यांनी विचारलं नाही म्हणून वाचलो.

शनिवारी मामा माझ्या घरी आले. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, पळसदरीला आमचं घर होतं. मामांचं म्हणणं, सगळ्यांना विचारलं, तुमच्या वडिलांना विचारायचं राहिलंय. स्टेशनवरून आम्ही धरणाच्या बाजूनं चालत निघालो. वाटेत मामांनी एक दगड उचलला आणि भाचा कसा फेकतो ते डाव्या हातानं करून दाखवलं. दगड पाण्यापर्यंतसुद्धा गेला नाही. ते ओशाळून हसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी इतके दिवस हॉटेलात सांगितली नव्हती. भाच्याचा बाप लढाईच्या शेवटच्या वर्षात मेला होता. सैन्यात नव्हता, घरी होता. अमेरिकेच्या विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा. भाचा त्या वेळी अंगावर पीत होता.

"आता तेच बोलावतात," मामा म्हणाले. "फार मानानं बोलावतात. मी काय सांगू?"

 दोन दिवसांपूर्वीच मी त्या उंबऱ्याबाहेर उभा होतो. मला बोलायचं होतं, पण जा म्हणावं की नको म्हणावं, हे मला माझ्यापुरतंसुद्धा ठरवता आलं नव्हतं. आत गेलो नाही हे बरोबर होतं, तर मुळात देवळापर्यंत का गेलो? 

वडिलांना मी आधी कौलाचं सांगून टाकलं. मला वाटलं ते चिडतील. ते नुसते म्हणाले, "बरं." मग मामांचं सगळं ऐकून घेतलं. भाच्याच्या बापाचं ऐकल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला नका इचारू," ते म्हणाले. "मी जन्मात येकच मोठी गोष्ट ठरवली. ती बी समद्या वस्तीसंगं. आमी समदे येका दमात उठलो म्हनून उठलो. येकट्या मान्सानं कसं ठरवायचं, ते मला नाय ठावं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मामांनी वडिलांना वाकून नमस्कार केला. वडीलही गडबडीनं तसेच वाकले. आईनं चहा आणला तेव्हा दोघं अजून एकमेकांपुढे वाकलेलेच होते.

रविवारी कारखाना बंद होता. साहेबाच्या केबिनमध्ये टेलिफोनसमोर मामा इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून बसले. मुंबईहून कॉल जोडून मिळायचा होता, कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. ते मध्येच पुटपुटत. मध्येच माझ्याकडे वळून म्हणत, "कोपर." थोड्या वेळानं म्हणत, "पण हात डावा आहे." मी दोन्ही वेळा मान डोलवत होतो. काय सांगायचं ठरलं, असं मी विचारलं. रिसीव्हर उचलल्यावर तोंडातून जे येईल ते, असं म्हणाले. मीही त्यांच्यासारखा सारखा टेलिफोनकडे बघत होतो. माझा कोण लागत होता तो भाचा?

दुपारी घंटी वाजली. मामा उठून उभे राहिले आणि टेलिफोनलाच वाकले. मग मोठ्यानं बोलू लागले. एकदम थांबले. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग एखाददुसरा शब्द, पुन्हा ऐकणं. एकदा त्यांनी स्वतःच्या उघड्या तळहाताकडे बघितलं आणि काहीतरी सांगितलं. कॉल तुटला तरी रिसीव्हर हातातच होता. तो मी काढून जागेवर ठेवला.

"काय सांगितलंत? जा की नको?"

"तो गेला," मामा म्हणाले. "गुरुवारीच. तिनंच विमानात बसवून दिलं."

मला काही कळेना. "मग तिनं तुम्हाला काय विचारलं?"

"तिनं मला ते विचारलंच नव्हतं. निरोपातही नव्हतं. मीच धरून चाललो." त्यांनी टाय सैल केला. "ती म्हणते, मुलगा गेल्यापासून रोज भात उरतो. रोज टाकून द्यावा लागतो. एका माणसाला किती तांदूळ लावायचे, ते तिला कळत नाही. मी इतकी वर्षं बाहेरगावी एकटा राहतो, म्हणून मला ठाऊक असेल असं तिला वाटलं."

"मग?"

"मी सांगितलं, दोन मुठी." ते हात उघडून बघत राहिले. "पण मला ठाऊक नाही. मला कँटीनमधून डबा येतो."

मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई तांदूळ धुवायला बसली होती. मी तिला विचारलं, एका माणसाचा भात करायचा तर किती लावायचा? तिनं मूठ भरली, त्यातले थोडे परत सोडले, पुन्हा भरली आणि तशीच हातात धरून बसली.

"नाय रं ठावं," ती म्हणाली. "येका मान्साचा कदी लावलाच नाय."