शेप्याची कोय

ओक नावाचं झाड मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि जालन्याच्या कॉलेजात तेच शिकवत केस पांढरे झाले. फळ्यावर पान काढायचं, खाली टोपीवालं फळ काढायचं. मग सांगायचं, की या झाडांच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात, त्यामुळे ही एक जात की दोन यावर शास्त्रज्ञांचंही एकमत होत नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, हे झाड आपल्याकडं कुठं दिसंल?" दिसणार नाही म्हणून सांगतो आणि फळा पुसतो. हल्ली पुसायचाही कंटाळा येतो.

एकदा वैतागून मी ओक सोडला आणि आमच्या शेतातले आंबे शिकवले. शहागडजवळ हायवेला लागून आमचं शेत. बांधावर कोयीपासून आलेली गावरान झाडं, एकासारखं दुसरं नाही. पहिलं फळ खाल्ल्यावरच झाडाला नाव मिळायचं: खोबऱ्या, शेंदऱ्या, गोटी. शेपूचा वास यायचा तो शेप्या. वर्गीकरण म्हणजे हेच, फक्त लॅटिन नाही, असं मी पोरांना सांगितलं. पोरं खूश झाली. परीक्षेला ओकच आला.

शेती माझे थोरले भाऊ बघतात, दादा. त्यांचा शेप्यावर जीव. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि शेप्याच्या बुंध्यावर खूण झाली, तेव्हा मी म्हणालो, "दादा, फांदीच्या काड्या घेऊन कलम बांधून घेऊ. तोच शेप्या राहील. कोय लावली तर येणार नाही. मोहोराला पराग कुठल्या झाडाचा लागला, कुणाला माहीत?"

"कलम म्हंजी दुसऱ्याच्या मुळावर बसवलेलं," दादा म्हणाले. "मला त्याच्या पोटचं पायजे. लेकरू आईवर जाणार न्हाई तर कुणावर जाईल?"

पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण दिवसभर वर्गात ओरडून आलेला माणूस घरी किती वाद घालणार, आणि आमच्याकडे थोरल्यापुढे धाकट्याचं फारसं चालतही नाही. झाड गेलं. दादांनी कोयी लावल्या, त्यातली एक जगली. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आधी तिला, मग घराला. शेळ्यांपासून तिला राखण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली.

यंदा त्या झाडाला पहिल्यांदा आंबे लागले. पिकल्यावर दादांनी मला फोन करून बोलावून घेतलं. ओसरीवर बसून त्यांनी आंबा हुंगला, फिरवून पुन्हा हुंगला. मग कापून एक फोड खाल्ली, एक मला दिली. शेपूचा मागमूस नव्हता.

"ह्यो त्यो न्हाई," ते म्हणाले. "तुला ठाऊक व्हतं."

"हो."

"मंग माझं ऐकलं कशाला? एवढा शिकलेला तू. गुपचूप दोन काड्या नेल्या असत्या, तर मी काय फाशी देणार व्हतो?"

त्यांनी उरलेले आंबे ताटासकट माझ्याकडे सरकवले आणि ते गोठ्यात निघून गेले. मी एकटाच खात बसलो. आंबा बिनरेषेचा होता, खरंच फार गोड होता, आणि त्याचाच मला राग येत होता.